राजा निघाला बर्लिनला

श्रावणातला सोमवार होता. गॅसवर भगर रटरटत होती आणि लेकीचा फोन आला. "आई, ह्याला बर्लिनची नोकरी मिळाली गं! एक नोव्हेंबरला हजर व्हायचंय." मी गॅस बारीक केला, देवापुढे साखर ठेवली आणि संध्याकाळी आम्ही दोघं पेढे घेऊन शंकरनगरला तिच्या घरी गेलो. दार उघडताच नेहमीप्रमाणे राजा अंगावर धावून आला. राजा म्हणजे लेकीचा लॅब्रॅडोर, सहा वर्षांचा, तीस किलोचा. सोफ्याखालून चिमीनं फक्त शेपटी हलवली. चिमी आपली गावठी. अकरा वर्षांपूर्वी पावसात गटाराकाठी सापडलेलं ते पिल्लू आता म्हातारं झालं होतं.

पेढे वाटून झाले, बर्लिनच्या थंडीची चर्चा झाली. मग मी सहज विचारलं, "आणि ह्या दोघांचं काय?"

"काय म्हणजे? येतील की आमच्याबरोबर. त्यांचंही तिकीट काढायचं." लेक म्हणाली.

वाचकहो, हे इतकं सोपं असतं तर आजचा हा लेख लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

आमचं घराणं मूळचं वऱ्हाडातलं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, त्यानंतर केव्हातरी आमचे पूर्वज इकडे आले आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यात स्थिरावले. सासूबाई सांगायच्या, बैलगाड्या जोडून निघालेल्या त्या कुटुंबाबरोबर एक कुत्रंही होतं आणि ते सगळी वाट गाडीखालून चालत आलं. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय, असं आपण हसून म्हणतो. पण त्या कुत्र्याला कुणी कागद विचारला नाही, रक्त तपासलं नाही की पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजली नाही. आता राजाची पाळी आली तेव्हा मात्र माणसांच्या व्हिसाची फाइल बारीक आणि राजाची जाड, अशी गत झाली.

ही जाड फाइल कशासाठी, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. सगळ्याचं मूळ रेबीजमध्ये आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणारा हा रोग एकदा उफाळला की माणूस वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या भारतात होतात. ज्या देशांनी हा रोग मोठ्या कष्टानं हद्दपार केला, ते आपल्या कुत्र्याकडे संशयानं पाहणारच. ब्रिटननं तर १९०१ पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने वेगळं कोंडून ठेवण्याचा नियम केला होता. मग तो कुत्रा लाटसाहेबाचा का असेना! तो नियम सैल व्हायला २००० साल उजाडावं लागलं. आज बहुतेक देश कोंडून ठेवण्याऐवजी पुरावा मागतात. पुरावा कसला, तर ह्या कुत्र्याला लस टोचली आहे, ती त्याच्या अंगी लागली आहे आणि हा कुत्रा तोच आहे, ह्याचा.

"तोच आहे" हे ठरवायचं ते मायक्रोचिपनं. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेजवळ कातडीखाली सुईनं सोडतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि तोच पुढे प्रत्येक कागदावर लिहायचा असतो. राजाला चिप नव्हती. लसी मात्र दर वर्षी वेळच्या वेळी टोचलेल्या होत्या आणि जूनमध्येच रेबीजची लस झाली होती. त्यामुळे लेक निश्चिंत होती. ऑगस्टमध्ये चिप बसवली आणि लगेच रक्ताचा नमुनाही घेतला.

इथंच पहिली ठेच लागली. युरोपच्या नियमानुसार आधी चिप आणि मग लस असा क्रम हवा. चिपच्या आधी टोचलेली लस त्यांच्या हिशेबी टोचलेलीच नसते, कारण ती ह्याच कुत्र्याला टोचली, हे सिद्ध कसं करणार? आमच्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं, आम्हालाही नव्हतं. त्यांना तरी दोष काय द्यायचा? रायपुरातून कुत्री परदेशी जातात कितीशी! झालं, लस पुन्हा, रक्त पुन्हा, पैसे पुन्हा. सगळ्यात वाईट म्हणजे महिना वाया गेला.

आता हे कॅलेंडर नीट वाचा, कारण खरा घोळ पैशापेक्षा इथंच होतो. चिप बसवल्यावर लस. लसीनंतर किमान तीस दिवस थांबून रक्ताचा नमुना. तो त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचा, त्यासाठी बहुधा परदेशी पाठवावा लागतो. रक्तातली प्रतिकारशक्ती दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजे. ती भरली तरी लगेच निघता येत नाही. नमुना घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने मोजायचे. त्या काळात कुत्र्याला काही झालं नाही, तर तो निरोगी. म्हणजे सगळं बिनचूक झालं तरी चार महिने लागतात. ते सुद्धा कुत्र्याला रजा-सुट्टी नसते म्हणून!

आमच्या राजाची दुसरी लस सप्टेंबरच्या सुरुवातीला झाली, रक्त ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतलं. तीन महिने मोजले तर जानेवारी उजाडत होता. आणि जावईबापूंना हजर व्हायचं होतं एक नोव्हेंबरला. नोकरी देणारा काही कुत्र्याच्या रक्ताचा अहवाल येईपर्यंत थांबत नाही.

"मग जानेवारीत एखाद्या मालवाहू विमानानं पाठवून देऊ," आमचे हे म्हणाले. पण तिथंही मेख आहे. घरचा कुत्रा म्हणून न्यायचा तर त्याचा आणि मालकाचा प्रवास पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो. त्याहून जास्त अंतर पडलं तर तो व्यापारी माल ठरतो आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. म्हणजे लेकीनं आधी जर्मनीला जायचं, घर लावायचं आणि जानेवारीत पुन्हा भारतात येऊन राजाला घेऊन जायचं. कुत्र्याच्या खर्चात एका माणसाचं जाण्यायेण्याचं तिकीट असं वाढलं. हा आकडा कुठल्याच पत्रकात लिहिलेला नसतो.

आणि मधले अडीच महिने? राजा आणि चिमी कुठं राहणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कबूल करते, मी काही कुत्रावेडी नाही. आमच्या घरी सासूबाईंच्या वेळेपासून सोवळंओवळं कडक. कुत्रं म्हणजे अंगणातलं, फार तर ओसरीवरचं. पण परक्या देशात बिऱ्हाड मांडायला निघालेल्या लेकीला नाही कसं म्हणणार? दिवाळी झाली, लेक-जावई गेले आणि तात्यापाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात दोन कुत्री राहायला आली.

पण चिमीचं मी अजून सांगितलंच नाही.

चिमीलाही चिप बसवायला नेलं होतं. डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हृदय मोठं झालंय. कागदावर नेता येईल, कायद्याची हरकत नाही. पण हे माझं कुत्रं असतं तर मी नेलं नसतं." बारा-पंधरा तासांचा प्रवास, बंद पिंजरा, मोठे आवाज, अनोळखी माणसं. अकरा वर्षांच्या, दुखऱ्या हृदयाच्या कुत्रीला हे झेपेलच, असं कुणी सांगू शकत नव्हतं.

लेक त्या रात्री जेवली नाही. "दोघांना नेईन, नाहीतर मी जाणारच नाही," म्हणाली. जावईबापूंनी समजावलं, मी रागावले. "इथं नवऱ्याची नोकरी आणि तू कुत्र्याचं काय घेऊन बसलीस?" असं बोलून गेले आणि बोलल्याबरोबर मला वाईट वाटलं. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आई, मी हॉस्टेलमधून घरी आले होते ना, तेव्हा चार महिने मी कुणाशी बोलत नव्हते. तेव्हा तीच होती माझ्याजवळ." ते चार महिने मला आठवत होते. चिमी तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडून असायची, तेही आठवत होतं. पण त्या दोन गोष्टी मी कधी जोडून पाहिल्या नव्हत्या.

शेवटी आमचे हे बोलले. हे फार कमी बोलतात. "चिमी माझ्याकडे राहील. तुला वाटलं तर रोज तिला फोनवर दाखवत जाईन." तो विषय तिथं संपला. लेकीचं रडणं मात्र बराच वेळ संपलं नाही.

राजाची तयारी आता आमच्या अंगणात सुरू झाली. विमानात कुत्र्याला लाकडाच्या किंवा भक्कम प्लास्टिकच्या पिंजऱ्यातून नेतात. त्यात त्याला डोकं न टेकता उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, चारी बाजूंनी हवा खेळावी आणि बाहेरून पाणी ओतता येईल अशी वाटी असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. राजाचा पिंजरा आला तो १०२ सेंटिमीटर लांब, ६९ रुंद आणि ७६ उंच. आणि मग कळलं की भाडं राजाचं नसतं, पिंजऱ्याचं असतं! विमानात माल जागा किती अडवतो त्यावर त्याचं वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंची ह्यांचा गुणाकार करून त्याला सहा हजारांनी भागायचं. आमच्या ह्यांनी वहीत गणित केलं. उत्तर आलं ८९ किलो. तीस किलोच्या राजाचं भाडं ८९ किलोचं! बाकीचे पैसे पिंजऱ्यातल्या हवेचे.

पण पिंजरा लवकर आणला हे फार बरं झालं. पहिल्या दिवशी राजा त्याच्या जवळही जाईना. आमच्या कामवाल्या बाईनं तोडगा काढला. ती घरून अंगाकर रोटी आणायची आणि तुकडा पिंजऱ्यात आत टाकायची. पंधरवड्यात राजा दुपारची झोप त्यातच काढायला लागला. ती रोज मला विचारायची, "दीदी, कुकुर घलो बिदेस जाही?" मी हो म्हटलं की कपाळाला हात लावायची. तिचा मुलगा पुण्याला बांधकामावर गेला होता आणि दोन वर्षांत घरी आला नव्हता. त्यावर ती कधी काही बोलली नाही. मीच मनातल्या मनात ओशाळायची.

एक गोष्ट आवर्जून सांगते. कुत्रा शांत राहावा म्हणून प्रवासाआधी त्याला झोपेचं औषध देऊ नका. औषधानं रक्तदाब आणि श्वास मंदावतो आणि उंचावर ते जिवावर बेतू शकतं. बऱ्याच विमान कंपन्या गुंगीतला कुत्रा घेतच नाहीत. पिंजऱ्याची सवय आणि घरच्या माणसाचा जुना सदरा ह्याहून चांगलं औषध नाही.

आता रायपूरची अडचण. आमचा माना इथला विमानतळ, म्हणजे २०१२ पासूनचा स्वामी विवेकानंद विमानतळ, देशातल्या देशात उडणाऱ्या विमानांचा. कुत्र्याला देशाबाहेर नेण्याचा सरकारी दाखला देणारी पशु संगरोध कार्यालयंही मोजक्या मोठ्या शहरांतच आहेत. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद. आम्ही मुंबई निवडली, कारण तिथं दीर राहतात.

आधी रेल्वेचं पाहिलं. रेल्वेचा नियम असा की कुत्रा आपल्याजवळ ठेवायचा तर एसी फर्स्ट क्लासचं दोन बर्थांचं कूपे किंवा चार बर्थांची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी. एसी टू-टियर, थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये कुत्र्याला मनाई. नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत तो एकटा जाणार. कूपे मिळालं की नाही, हे बहुधा चार्ट लागताना कळतं आणि आमची मुंबईची तारीख तर ठरलेली. मग गाडीनंच निघालो. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर, रात्री नणंदेकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्ग. नागपूरपासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पुरा झाला, त्याचा आम्हाला आणि राजाला फायदा मिळाला. दर दोन तासांनी उतरून त्याला पाणी पाजायचं, फिरवायचं. त्याच्या मते ही सहल होती. मागच्या सीटवर लेक त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. सहल कशाची आहे, ते तिला ठाऊक होतं.

मुंबईत कागद तपासले गेले, चिप वाचली गेली, राजाला पाहिलं गेलं आणि दाखला मिळाला. हा आरोग्याचा दाखला युरोपात पोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतला लागतो. म्हणजे चार महिने आधी तयारी करायची, पण शेवटचा कागद मात्र ताजाच हवा. विमानतळावर राजा स्वतःहून पिंजऱ्यात शिरला. अंगाकर रोटीचा तुकडा मी पदराला बांधून आणला होता, तो आत टाकला. दार लागलं. त्यानं रोटी खाल्ली आणि जाळीतून माझ्याकडे पाहत राहिला, आता दार उघडेल म्हणून. मला तिथं रडू येईल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फ्रँकफुर्टहून फोन आला, "पोचला गं! पाणी प्यायला आणि पहिलं काय केलं असेल तर एका जर्मन साहेबाच्या बुटावर..." पुढचं हसण्यात ऐकूच आलं नाही.

आमच्या ह्यांनी वहीत सगळा हिशेब लिहिला होता. चिप, दोनदा लस, दोनदा रक्त, पिंजरा, कागदपत्रं करणाऱ्या माणसाची फी, विमानाचं भाडं, मुंबईपर्यंतचा प्रवास, लेकीचं जाण्यायेण्याचं तिकीट. बेरीज तीन लाखांच्या पुढे गेली. आणि ती तिथं संपत नाही. बर्लिनला कुत्रा पाळायला कर आहे. पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, त्यापुढच्या प्रत्येकाला १८०. शिवाय कुत्र्यानं कुणाचं नुकसान केलं तर, म्हणून विमाही काढावा लागतो. आणि भाड्याचं घर शोधताना "कुत्रा आहे" म्हटल्यावर किती घरमालक नाही म्हणतात, ते लेकीलाच विचारा.

तीन लाख! एवढ्यात गरिबाघरची एक मुलगी शिकेल, असं आमच्याच नात्यातल्या एकांनी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मला ऐकवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या पारड्यात दुसरी एक गोष्टही टाकून पाहा. घर सोडून जाताना कुत्र्याला उपाशी-तहानलेलं वाऱ्यावर सोडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात तसं लिहिलेलं आहे. आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड किती आहे? दहा ते पन्नास रुपये! न्यायला तीन लाख आणि टाकून जायला पन्नास रुपये. मग गल्लीबोळात गळ्यात पट्टा असलेली, हाडं निघालेली लॅब्रॅडोर आणि पामेरियन का दिसतात, ह्याचं नवल वाटायला नको.

तुमच्या घरचं कुणी दुसऱ्या देशी निघालं असेल तर तिथले नियम वेगळे आहेत, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम केले. कुत्रा सहा महिन्यांहून मोठा हवा, चिप हवी आणि भारतासारख्या देशात लस टोचलेला कुत्रा ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतो. तिथल्या मान्य केंद्रात त्याची तपासणी होऊन पुन्हा लस टोचली जाते. रक्ताचा मान्य अहवाल नसेल तर २८ दिवस तिथंच मुक्काम, तोही आपल्या खर्चानं. घरच्या कुत्र्यासाठी कॅनडा त्या मानानं सोपा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मात्र भारतातून थेट कुत्रा घेतच नाहीत. आधी त्याला मान्यताप्राप्त अशा तिसऱ्या देशात काही महिने ठेवावं लागतं. तिथला कायदा कुणाची भीड ठेवत नाही. २०१५ साली हॉलिवूडचा नट जॉनी डेप आणि त्याची बायको खासगी विमानातून आपली दोन यॉर्कशायर टेरियर न सांगता ऑस्ट्रेलियात घेऊन गेले. "देशाबाहेर काढा, नाहीतर मारून टाकावी लागतील," असं तिथल्या कृषिमंत्र्यांनी जाहीर सांगितलं. कुत्री तातडीनं परत गेली आणि पुढच्या वर्षी त्या दोघांना माफीची चित्रफीत करावी लागली.

कुत्र्याची जातही आधी पाहा. २००३ च्या सुमारास मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले. पण पग, बुलडॉग, बॉक्सर ह्यांसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना आधीच श्वास कमी पडतो आणि अनेक विमान कंपन्या त्यांना सामानाच्या भागात घेत नाहीत. जर्मनीत पिट बुल टेरियर, बुल टेरियर अशा काही जाती आणायलाच बंदी आहे. उन्हाळ्याचंही तसंच. रायपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कुत्र्याला धावपट्टीवर उभं करणं धोक्याचं म्हणून कंपन्या नकार देतात. निघायचं तर थंडीत निघावं. आणि परत यायचं मनात असेल तर आपले नियमही विचारून घ्या. दोन वर्षं परदेशी राहून कायमचं परतणाऱ्याला सामानाबरोबर दोन पाळीव प्राणी आणता येतात, एरवी परवाना लागतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा आपली काही मुलं कुत्र्या-मांजरांना सोडून विमानात बसायला तयार होईनात. तेव्हा सरकारनं खास बाब म्हणून एकदाच सूट दिली होती. दर वेळी असं होत नाही.

पण हे सगळं झालं नियमांचं. मला लोक विचारतात, न्यावं की ठेवावं? माझं ऐकाल तर आधी कुत्र्याचं वय आणि तब्येत पाहा, पैसा नंतर. तरणाताठा असेल, तुमची नोकरी पक्की असेल, तिकडे जागा असेल तर कर्ज न काढता जमेल तेवढं करा आणि न्या. म्हातारं, आजारी असेल तर त्याला ओळखीच्या घरी, ओळखीच्या माणसाजवळ ठेवणं ह्यात कमी माया नाही. फक्त ते घर आधी शोधा, निघायच्या आठवड्यात नव्हे. आणि ज्याच्यावर सोपवाल त्याच्या हाती खर्चाचे पैसे आणि डॉक्टरचा पत्ता ठेवा. एक आणखी. वर्ष-दोन वर्षांत बाहेर जायचं मनात असेल तर आज पिल्लू आणू नका. मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.

धर्मराजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला, कुत्र्याला आत जागा नाही. तेव्हा धर्मराज म्हणाला, मग मलाही नको. गोष्टीत तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला आणि सगळं गोड झालं. आपल्याकडे इंद्राच्या दारी चार महिने थांबावं लागतं आणि कधी कधी एका कुत्र्याला मागे ठेवूनच आत जावं लागतं.

चिमी आता आमच्या ओसरीवरून माजघरापर्यंत आली आहे. सोवळं कुठवर आलंय, ते विचारू नका! सकाळ-संध्याकाळ तिची गोळी गुळाच्या खड्यात देते. रात्री नऊला फोन वाजला की ती ह्यांच्याआधी उठते. लेकीचा आवाज ऐकून फोनच्या मागे जाऊन पाहते. तिथं कुणी नसतं. मग परत येऊन बसते.

लेक सारखी म्हणते, "आई-बाबा, या ना तीन महिने." आम्हा दोघांनाही जायचं आहे. पण चिमीला कुणाकडे ठेवणार? आमच्या वयात जोडीनं परदेश पाहायचं म्हणून साठवलेले पैसे तसेच आहेत. शेवटी ठरलं, पाळीपाळीनं जायचं. ह्या खेपेला मी, पुढच्या खेपेला हे. हे म्हणाले, "तू आधी जा. राजाला तुझ्या हातची पोळी आठवत असेल." स्वतःची पाळी येईल की नाही, ह्याचा विचार त्यांनीही केलाच असणार. चिमीचं वय आम्हा दोघांना ठाऊक आहे, म्हणून आम्ही तो विषय काढत नाही.

परवा माळ्यावरून बॅग काढली. ती पुसून पलंगाजवळ ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. परत येऊन पाहते तो चिमी बॅगेवर चढून बसलेली. ह्या घरात बॅग बाहेर निघाली की माणूस जातं, हे तिनं पाहिलेलं आहे. मी शेजारी बसून तिला म्हटलं, "अगं, मी नव्वद दिवसांत परत येणार आहे." ती काही खाली उतरली नाही. बॅग अजून भरलेली नाही. बघू, उद्या भरते.